खतावणी कशी वाचावी: एनएफएलची सॅलरी कॅप आणि दोन हंगामांमधले निर्णय

मार्च २०२४ मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील डेन्व्हर ब्रॉन्कोज या संघाने आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, रसेल विल्सन याला करारातून मोकळे केले. त्या वर्षासाठी त्याला ३ कोटी ९० लाख डॉलरची हमी दिलेली होती, त्यामुळे तो पिट्सबर्गकडून अवघ्या १२ लाख १० हजार डॉलरच्या किमान वेतनावर खेळला आणि उरलेली रक्कम डेन्व्हरनेच भरली. शिवाय संघाच्या हिशेबात दोन वर्षांत मिळून सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा बोजा पडला. जो खेळाडू आपल्यासाठी एकही चेंडू फेकणार नाही त्याच्यासाठी एवढी रक्कम मोजणारा संघ वेडा म्हणावा की शहाणा, हे ठरवायचे तर अमेरिकन फुटबॉलमधील वेतनमर्यादेचा, म्हणजे सॅलरी कॅपचा, हिशेब स्वतः मांडता यायला हवा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत आता रविवारचा फुटबॉल सामना नित्याचा झाला आहे. परंतु फेब्रुवारीत सुपर बोल हा अंतिम सामना संपल्यावर ऑगस्टपर्यंत ज्या बातम्या येत राहतात त्यांचा अर्थ बऱ्याच जणांना लागत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सोबत कागद-पेन्सिल घ्यावी, कारण मधल्या भागात आकडेमोड आहे.

मूळ कल्पना आधी नीट समजून घेऊ. जुन्या पेढीवर दोन वह्या असत. पैसा प्रत्यक्ष ज्या दिवशी हातातून जाई त्या दिवशी तो रोजमेळात लिहिला जाई, आणि कोणत्या खात्यावर किती पडले हे खतावणीत मांडले जाई. एनएफएलची सॅलरी कॅप ही मर्यादा खतावणीवर आहे, रोजमेळावर नाही. संघ एखाद्या वर्षी प्रत्यक्ष वाटतो ती रक्कम कॅपपेक्षा कितीतरी अधिक असू शकते, फक्त त्या वर्षाच्या खात्यावर मोजली जाणारी रक्कम मर्यादेत बसली पाहिजे. म्हणून एखादा मोठा खेळाडू घेताना व्यवस्थापनापुढचा प्रश्न ‘हा परवडतो का’ एवढाच नसतो, तर ‘हा कोणत्या वर्षाच्या खात्यावर लिहायचा’ हाही असतो. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने ती उपमा इथे बाजूला ठेवावी. तिथे संघाच्या थैलीतून बोलीची पूर्ण रक्कम त्याच वर्षी वजा होते, पुढच्या वर्षांवर ढकलण्याची सोय नसते. इथला सगळा खेळ त्या सोयीवर उभा आहे.

पहिली पायरी: संघाची खरी मर्यादा काढा

कॅप १९९४ मध्ये लागू झाली तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा, जो लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सध्याच्या करारानुसार किमान ४८ टक्के आहे, तो आधार धरून ती दरवर्षी ठरते. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख आणि २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. हा आकडा सर्व ३२ संघांना सारखाच लागू होतो, मात्र प्रत्येक संघाची प्रत्यक्ष मर्यादा वेगळी निघते, कारण आदल्या वर्षी न वापरलेली जागा, म्हणजे मर्यादेतली शिल्लक, पुढे नेता येते. म्हणून बातमीत ‘कॅप इतकी आहे’ असे वाचले की त्यात त्या संघाची मागील शिल्लक मिळवूनच पुढे जावे.

कॅप कठोर आहे, म्हणजे दंड भरून ती ओलांडण्याची पळवाट नाही. मार्चच्या मध्यात एका बुधवारी, पूर्व किनाऱ्याच्या घड्याळानुसार दुपारी ४ वाजता, लीगचे नवे वर्ष सुरू होते आणि त्या क्षणी प्रत्येक संघ मर्यादेच्या आत असावाच लागतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मोठमोठी नावे एकाएकी बाहेर का पडतात, याचे निम्मे उत्तर या वेळापत्रकात आहे.

इथे एक नियम विसरला तर पुढचे सारे गणित चुकते. दोन हंगामांच्या मधल्या काळात संघाला ९० खेळाडू बाळगता येतात, पण वेतनाच्या हिशेबात ढोबळमानाने सर्वांत महागडे ५१ करारच धरले जातात. त्यामुळे नवा खेळाडू आला की तो यादीतल्या ५१व्या, बहुधा किमान वेतनाच्या, खेळाडूला हिशेबाबाहेर ढकलतो. २०२५ मध्ये नवख्या खेळाडूचे किमान वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होते. समजा, नव्या खेळाडूचा त्या वर्षीचा बोजा ७० लाख असेल, तर संघाची जागा ७० लाखांनी नव्हे, ६१ लाख ६० हजारांनी कमी होते. एका करारापुरता हा फरक किरकोळ दिसेल, पण आठ-दहा करार झाले की त्यातून एक चांगला खेळाडू निघतो.

दुसरी पायरी: करार फोडून लिहा

बातमीतला ‘चार वर्षांचा, ५ कोटी ६० लाखांचा करार’ हा आकडा दर्शनी असतो. त्याचे निदान तीन भाग वेगळे करावेत: सही करताना मिळणारा साइनिंग बोनस, दरवर्षीचे मूळ वेतन, आणि त्यांपैकी किती रकमेची हमी आहे व ती कोणत्या तारखेला पक्की होते. एक काल्पनिक करार घेऊ. साइनिंग बोनस २ कोटी डॉलर. मूळ वेतन पहिल्या वर्षी २० लाख, दुसऱ्या वर्षी ८० लाख, तिसऱ्या वर्षी १ कोटी २० लाख आणि चौथ्या वर्षी १ कोटी ४० लाख.

रोजमेळाप्रमाणे पाहिले तर पहिल्या वर्षाच्या व्यवहारातच खेळाडूच्या पदरात २ कोटी २० लाख पडतात. खतावणीत मात्र साइनिंग बोनस कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त ५ वर्षांवर, समान वाटला जातो. इथे दरवर्षी ५० लाख. म्हणून कॅपवरचा बोजा चार वर्षांत अनुक्रमे ७० लाख, १ कोटी ३० लाख, १ कोटी ७० लाख आणि १ कोटी ९० लाख असा येतो. बेरीज ५ कोटी ६० लाखच होते. खतावणी पैसा लपवत नाही, फक्त त्याची तारीख बदलते, आणि हे एक वाक्य ध्यानात राहिले तर ‘कॅप ही थाप आहे’ असे म्हणणाऱ्या उत्साही समालोचकांपासून बराच बचाव होतो.

कामगिरीवर अवलंबून असलेल्या बक्षीस रकमांचाही एक बारकावा आहे. जी अट खेळाडूने मागच्या हंगामात पूर्ण केली होती ती यंदाही पूर्ण होईल असे धरून तिची रक्कम लगेच मोजली जाते. जी पूर्ण झाली नव्हती ती यंदा मोजली जात नाही आणि खेळाडूने ती गाठली तर पुढच्या वर्षीच्या मर्यादेतून वजा होते. दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूंशी अशा अटींचे करार का होतात, हे यावरून लक्षात येईल.

तिसरी पायरी: मोकळे केल्यास नेमके काय वाचते

सर्वसाधारण वाचकाची सर्वाधिक चूक इथे होते. वरच्या करारातील खेळाडूचा तिसऱ्या वर्षीचा बोजा १ कोटी ७० लाख आहे, म्हणून त्याला काढल्यास तेवढे वाचतील असे वाटते. प्रत्यक्षात साइनिंग बोनसचे दोन हप्ते अजून खतावणीत चढायचे असतात, आणि खेळाडू गेला की ते दोन्ही, म्हणजे १ कोटी डॉलर, एकदम चालू वर्षावर येऊन आदळतात. यालाच डेड मनी म्हणतात. १ कोटी ७० लाखांच्या जागी १ कोटी बसले, म्हणजे बचत फक्त ७० लाखांची. वेतनाच्या काही भागाची हमी असेल तर तीही घटते. खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकला तरी नियम तोच आहे: पुढचे वेतन नवा संघ देतो, मात्र उरलेला बोनस जुन्याच संघाच्या खात्यावर राहतो. २०२२ मध्ये अटलांटाने मॅट रायनला इंडियानापोलिसला दिले तेव्हा सुमारे ४ कोटी डॉलर अटलांटाच्या डोक्यावर राहिले होते.

१ जूनची तारीख हा या नियमातला दिलासा आहे. त्या तारखेनंतर खेळाडू गेला तर चालू वर्षावर फक्त त्या वर्षाचा हप्ता पडतो आणि उरलेला पुढच्या वर्षावर जातो. आपल्या उदाहरणात मग तिसऱ्या वर्षी ५० लाख आणि चौथ्या वर्षी ५० लाख, म्हणजे यंदाची बचत ७० लाखांवरून १ कोटी २० लाखांवर जाते. प्रत्येक संघाला दोन खेळाडूंना मार्चमध्येच मोकळे करून ‘१ जूननंतरचे’ म्हणून दाखवण्याची मुभा आहे. पण त्यात एक मेख आहे: जून उजाडेपर्यंत त्या खेळाडूचा मूळचा पूर्ण बोजा वहीत तसाच राहतो. त्यामुळे ती जागा मार्चच्या खरेदीत वापरता येत नाही. ती उन्हाळ्यात नवख्यांचे करार करायला आणि हंगामातील दुखापतींसाठी हाताशी राहते. एखाद्या संघाने हा मार्ग निवडला की त्याची मार्चची निकड भागलेली आहे किंवा त्याला वेदना दोन वर्षांत वाटून घ्यायची आहे, असे समजावे.

आता डेन्व्हरकडे परत येऊ. संघाने २०२२ मध्ये विल्सनला सिअॅटलकडून घेतले, त्यासाठी ड्राफ्टमधल्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतल्या, दोन पहिल्या फेरीच्या निवडींसह बरेच काही दिले, आणि त्याने डेन्व्हरसाठी एकही सामना खेळण्यापूर्वीच पाच वर्षांची सुमारे २४ कोटी डॉलरची मुदतवाढ केली. कराराप्रमाणे मार्च २०२४ मध्ये नव्या वर्षाच्या पाचव्या दिवशी तो संघात असता तर २०२५ चे ३ कोटी ७० लाखांचे वेतनही हमीचे झाले असते. म्हणजे ८ कोटी ५० लाखांचा मोठा भाग आधीच बुडालेला होता, आणि निर्णय फक्त त्यात आणखी ३ कोटी ७० लाख घालायचे की नाही एवढाच होता. डेन्व्हरने १ जूनची सवलत वापरून बोजा २०२४ मध्ये सुमारे ५ कोटी ३० लाख आणि २०२५ मध्ये ३ कोटी २० लाख असा वाटला. माझ्या मते चूक २०२४ ची नव्हतीच. ती २०२२ ची होती, आणि तिची वसुली २०२४ मध्ये झाली. हंगामांमधला कोणताही धक्कादायक निर्णय पाहिला की आधी दोन-तीन वर्षांमागची सही शोधावी, ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

चौथी पायरी: ‘रिस्ट्रक्चर’ म्हणजे कोणाची उधारी

‘अमुक खेळाडूने कराराची पुनर्रचना करून संघाला मदत केली’ अशी बातमी मार्चमध्ये रोज येते. बहुतेक वेळा खेळाडूने एक पैसाही सोडलेला नसतो. उलट वर्षभर हप्त्यांनी मिळणारे वेतन त्याला बोनस म्हणून आधीच मिळते. आपल्याच उदाहरणात तिसऱ्या वर्षाच्या १ कोटी २० लाखांपैकी १ कोटींचा बोनस केला, तर तो उरलेल्या दोन वर्षांवर ५०-५० लाख असा वाटला जातो. तिसऱ्या वर्षाचा बोजा १ कोटी ७० लाखांवरून १ कोटी २० लाखांवर येतो, आणि चौथ्या वर्षाचा १ कोटी ९० लाखांवरून २ कोटी ४० लाखांवर चढतो.

याहून पुढची युक्ती म्हणजे करारात नावापुरती वर्षे जोडणे. ही ‘व्हॉइड’ वर्षे कागदावरच असतात. त्यांत खेळाडू खेळणार नसतो, पण बोनस वाटायला ती चालतात. अशी तीन वर्षे जोडली तर तो १ कोटी पाच वर्षांवर २०-२० लाख असा पसरतो: तिसरे वर्ष ९० लाख, चौथे २ कोटी १० लाख, आणि करार संपताक्षणी उरलेले ६० लाख पाचव्या वर्षावर एकरकमी. यंदा ८० लाखांची जागा मिळाली, पण खेळाडू गेल्यावरही त्याचे बिल येणार. टॉम ब्रॅडी फेब्रुवारी २०२३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा टँपा बेच्या त्या वर्षीच्या खात्यावर त्याच्या नावे सुमारे ३ कोटी ५१ लाख डॉलर होते. ऋण काढून सण केला होता, पण सण खरोखर झाला होता, २०२० च्या हंगामाचे विजेतेपद घरात होते. त्यामुळे या उदाहरणावरून उधारी वाईट असा निष्कर्ष घाईने काढू नये. शिवाय त्या संघाने २०२३ मध्ये बेकर मेफील्डला एका वर्षाच्या स्वस्त करारावर आणून आपला विभाग जिंकलाही.

उधारी शहाणपणाची की नाही, हे दोन गोष्टींवर तपासावे. पहिली, कॅप वाढत राहील का. ५० लाख डॉलर २०२१ च्या कॅपचे २.७ टक्के होते, तर २०२५ च्या कॅपचे १.८ टक्के, म्हणजे पुढे ढकललेला बोजा आपोआप हलका होतो. मात्र हे गृहीतक एकदा चांगलेच तोंडघशी पडले आहे. करोनामुळे जवळजवळ प्रेक्षकांविना हंगाम झाला आणि कॅप २०२० मधील १९ कोटी ८२ लाखांवरून २०२१ मध्ये १८ कोटी २५ लाखांवर घसरली. न्यू ऑर्लीन्ससारखा वर्षानुवर्षे पुढे ढकलत आलेला संघ तेव्हा अडचणीत सापडला आणि आणखी पुढे ढकलूनच त्यातून बाहेर आला. दुसरी गोष्ट, ज्याच्या नावावर उधारी लिहिली तो दोन वर्षांनीही हवा असेल का. पुनर्रचनेनंतर आपल्या उदाहरणातल्या खेळाडूला चौथ्या वर्षापूर्वी काढले तर डेड मनी ५० लाखांऐवजी १ कोटी होते. प्रत्येक पुनर्रचना त्या खेळाडूला संघाशी अधिक घट्ट बांधते. क्लीव्हलंडने २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनला संपूर्ण हमीचा २३ कोटी डॉलरचा करार दिला, पहिल्या वर्षी मूळ वेतन जेमतेम १० लाख ठेवले, आणि नंतर २०२३, २०२४ व २०२५ अशी सलग तीन वर्षे पुनर्रचना केली. दरवेळी यंदाची अडचण सुटली आणि सुटकेची वाट आणखी दूर गेली.

पाचवी पायरी: टॅग लावावा का

करार संपलेल्या एका खेळाडूला संघ फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीच्या सुमारे दोन आठवड्यांत फ्रँचायझी टॅग लावू शकतो. त्याबदल्यात त्याला एका वर्षासाठी मैदानावर त्याचीच भूमिका असलेल्या खेळाडूंच्या सर्वोच्च वेतनांवरून काढलेली रक्कम किंवा त्याच्या मागील वेतनाच्या १२० टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते द्यावे लागते. वरवर हा संघाच्या फायद्याचा नियम वाटतो. पण ती सारी रक्कम एकाच वर्षाच्या खात्यावर, लगेच, न वाटता पडते. वॉशिंग्टनने कर्क कझिन्सला २०१६ मध्ये सुमारे १ कोटी ९९ लाख ५० हजारांचा टॅग लावला आणि २०१७ मध्ये १२० टक्क्यांच्या नियमाने तो २ कोटी ३९ लाखांवर गेला. तिसऱ्यांदा लावला असता तर १४४ टक्क्यांनी तो ३ कोटी ४० लाखांच्या पुढे गेला असता. तो लावला नाही, आणि कझिन्स मिनेसोटाकडे पूर्ण हमीच्या ८ कोटी ४० लाखांच्या तीन वर्षांच्या करारावर गेला. टॅग लागला की जुलैच्या मध्यापर्यंत दीर्घ करार करण्याची मुदत असते. टॅगची बातमी वाचताना म्हणूनच हे पाहावे की संघाला खरोखर एक वर्षच हवे आहे, की तो दीर्घ कराराच्या वाटाघाटीसाठी वेळ विकत घेतो आहे. दीर्घ करार झाला तर पहिल्या वर्षाचा बोजा टॅगपेक्षा बहुधा कमीच भरतो.

सहावी पायरी: बाजार आणि ड्राफ्ट एकत्र पाहा

मुक्त, म्हणजे कोणत्याही संघाशी करार नसलेल्या, खेळाडूंच्या बाजारात पहिल्या दोन-तीन दिवसांत पैसा सर्वाधिक उधळला जातो, आणि मी तरी त्या दिवसांतील करारांकडे संशयाने पाहतो. करार पाहताना एकच प्रश्न विचारावा: कोणत्या वर्षी त्याला काढणे स्वस्त होईल? दोन वर्षांनंतर डेड मनी नगण्य असेल तर तो करार बातमीत चार वर्षांचा असला तरी प्रत्यक्षात दोनच वर्षांचा आहे. रोजमेळ इथे पुन्हा डोके वर काढतो, कारण पुढील वर्षांच्या हमीच्या रकमेचा बराचसा भाग मालकाला आधीच वेगळा ठेवावा लागतो. म्हणून खतावणीत जागा असूनही रोकड बाळगण्याची तयारी नसलेले मालक मोठ्या हमी टाळतात. उलट काही संघ मुद्दाम आपले खेळाडू जाऊ देतात, कारण गमावलेले मुक्त खेळाडू आणलेल्यांपेक्षा सरस ठरले तर पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाईच्या निवडी मिळतात. बाल्टिमोरने ही पद्धत वर्षानुवर्षे जोपासली आहे. इतर संघांनी काढून टाकलेले खेळाडू या हिशेबात धरले जात नाहीत, म्हणूनच बाल्टिमोरसारख्या संघांना ते अधिक आवडतात.

ड्राफ्टचे महत्त्व २०११ पासून पालटले. त्याआधी पहिल्या क्रमांकाचा खेळाडू हाच महागडा जुगार असे. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाखांचा करार मिळाला होता. नव्या वेतनश्रेणीनंतर २०११ मध्ये कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. तेव्हापासून चांगला तरुण क्वार्टरबॅक ही कॅपवरील सर्वांत मोठी सूट झाली आहे, आणि तिची मुदत ठरलेली असते, कारण तीन हंगाम पूर्ण होण्याआधी त्या कराराची फेररचना करता येत नाही आणि त्यानंतर ती फार काळ टाळता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ च्या ड्राफ्टमधल्या शेवटच्या, २६२व्या, क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी २०२३ मध्ये ८ लाख ७० हजारांच्या वेतनावर संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. २०२५ मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार झाला. त्या एका सहीआधी सॅन फ्रान्सिस्कोने बाकीच्या महागड्या खेळाडूंना का जाऊ दिले, हे आता वेगळे सांगायला नको. कॅन्सस सिटीनेही हाच विचार केला: क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचा मोठा करार वहीत असताना २०२२ मध्ये टायरीक हिलला त्याच्या अपेक्षेप्रमाणे पैसे न देता पाच ड्राफ्ट निवडींच्या बदल्यात मायामीला दिले, आणि पुढची दोन्ही विजेतेपदे मिळवली.

नवख्यांच्या खर्चाची चिंता मात्र फार करू नये. ५१ जणांच्या नियमामुळे खालच्या फेऱ्यांतील बहुतेक खेळाडू हिशेबात येतच नाहीत, आणि वरच्या फेरीतले येतात तेही कोणाला तरी बाहेर ढकलून. पहिल्या फेरीतील खेळाडूंच्या पाचव्या वर्षाचा पर्याय तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्याच्या सुरुवातीला स्वीकारायचा असतो व ते वेतन पूर्ण हमीचे असते. तेवढी तारीख नोंदवून ठेवली की पुरे.

सातवी पायरी: उन्हाळ्यातली शिल्लक

ऑगस्टअखेर यादी ५३ वर येते, आणि नियमित हंगाम सुरू होताच ५१ जणांचा नियम संपतो. मग सर्व ५३ खेळाडू, सरावाच्या पथकातील आणि दुखापतीच्या यादीतील सारे मोजले जातात. जुलैत काही लाख डॉलर शिल्लक दिसत असतील तर ते मोकळे पैसे नव्हेत. ते बहुधा या खर्चासाठी हातचे राखलेले असतात. उरलेच तर पुढच्या वर्षी नेता येतात. तरीही संघाला पैसा साठवत बसता येत नाही, कारण काही वर्षांच्या प्रत्येक टप्प्यात कॅपच्या किमान ९० टक्के रक्कम रोखीत खर्च करण्याचे बंधन आहे.

ही पद्धत आपल्या आवडीच्या संघावर लावून पाहायची असेल तर पुन्हा डेन्व्हरपासूनच सुरुवात करावी. २०२५ मध्ये विल्सन न्यूयॉर्क जायंट्सकडे होता आणि डेन्व्हरच्या खतावणीत त्याच्या नावे ३ कोटी २० लाख डॉलर होते. त्याच वहीत बो निक्स होता, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये १२व्या क्रमांकावर घेतलेला, ज्याच्या चार वर्षांच्या संपूर्ण कराराची किंमत सुमारे १ कोटी ८६ लाख होती. याच विल्सनने सिअॅटलला २०१३ च्या हंगामात सुपर बोल जिंकून दिला, तेव्हा त्याचे मूळ वेतन ५ लाख २६ हजार डॉलर होते.